बैठ्या प्राण्याची कैफियत



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेत उभा राहिला म्हणजे तो महागाई, संप किंवा फार तर कामगार कायदा ह्यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि बहुतेक वेळा ती खरी ठरते. ह्या मालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी कागदावर ‘समुद्रातील कंचुकधारी प्राणी’ असे लिहून दिले. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. ‘कुपवाडात समुद्र कुठला?’ हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, कारण ती सभ्य माणसे आहेत; पण तो त्यांच्या चेहऱ्यावर होता. त्याचे उत्तर आधी देऊन टाकतो. आपली कृष्णा महाबळेश्वरास उगम पावते. तेथून पश्चिम समुद्र जेमतेम पासष्ट किलोमीटरांवर आहे. परंतु ही बाई त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास जाऊन मिळते. तेव्हा आपला समुद्राशी संबंध नाही असे नाही. तो फेऱ्याचा आहे इतकेच. माझाही तसाच फेऱ्याने आला.

माझे वडील मुंबईच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परत आले ते आलेच. मी दहावी झाल्यावर त्यांच्या उलट दिशेने निघालो आणि गावच्या एका ओळखीने सुक्या गोदीत एका कंत्राटदाराच्या टोळीत लागलो. काम जहाजाचे बूड खरवडण्याचे. ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. जहाज गोदीत घेतात, दरवाजा लावतात आणि पंपांनी पाणी उपसून टाकतात. पाणी उतरते तसतसे जहाजाचे पोट उघडे पडते, आणि ते लोखंडाचे आहे ह्यावर विश्वास बसत नाही. त्यावर कालवे असतात, शिणाणे असतात, बार्नेकल नावाचे चुन्याच्या कवचाचे टोकदार जीव असतात, चुन्याच्या वाकड्यातिकड्या नळ्यांत राहणारे किडे असतात. ह्या सगळ्या भाराने पाण्यात जहाजाची ओढ वाढते व जळण जास्त लागते, म्हणून ते काढावयाचे. ह्या कठीण जिवांच्या मधून मधून काही मऊ, चामड्याच्या पिशवीसारखे गोळे चिकटलेले असत. त्यांना पत्र्याचा धक्का लागला की आतले पाणी फुर्रकन तोंडावर उडे. नव्या पोराच्या तोंडावर उडाले म्हणजे टोळीत हशा पिके. जुने लोक त्यांना पिचकारीच म्हणत. इंग्रजी नावही ह्याच अर्थाचे आहे, सी स्क्वर्ट, हे मला फार नंतर कळले. मी दीड वर्ष ते काम केले, आणि त्या काळात हजारो पिचकाऱ्या खरवडून टोपलीत भरल्या. हा प्राणी आहे की वनस्पती, हा प्रश्नसुद्धा माझ्या मनात आला नाही. रोजंदारी मिळाली की दिवस संपे.

पुढे मी इकडे आलो, येथल्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर उभा राहिलो, मग युनियनच्या कामात पडलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांना कायम करावे अशी आमची मागणी होती. यादीत अठ्ठावीस नावे होती. कारखान्याचे नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. समोर बसलेले व्यवस्थापक वाचलेले, बोलण्यात मृदू. बोलणी चालू असता चहा आला, आणि चहाबरोबर त्यांनी एक गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “भाऊ, समुद्रात एक प्राणी आहे. लहानपणी तो पोहतो, त्याला डोळा असतो, मेंदू असतो. मग एखादा चांगलासा खडक सापडला की तो त्याला जन्माचा चिकटतो. आणि चिकटल्यावर पहिले काम काय करतो? स्वतःचा मेंदू खाऊन टाकतो! कारण आता तो कायम झाला ना!”

खोलीत सगळे हसले. आमचे दोन प्रतिनिधीही हसले. मी जरा उशिरा हसलो. विनोदाने मागणी फेटाळली गेली असे नव्हे, परंतु खोलीतली हवा बदलली. ज्याला कायम करावयाचे तो आळशी होणार, हे जणू निसर्गानेच सांगून ठेवले आहे, अशा थाटात पुढचे बोलणे झाले. त्या दिवशी निर्णय न होता आम्ही उठलो.

आता पुढचे सांगणे मला अवघड जाते, पण सांगितले पाहिजे. त्यानंतर महिन्याभराने एका गेट मीटिंगमध्ये हाच विनोद मी स्वतः वापरला, आणि तो आमच्याच एका जुन्या सहकाऱ्यावर. हे गृहस्थ पूर्वी मोर्च्याच्या पुढे असत. गुडघे गेल्यावर ते युनियनच्या ऑफिसात टेबलाशी बसू लागले. मी म्हणालो, ‘काही लोक खुर्चीला चिकटले आणि मेंदू खाऊन बसले.’ टाळ्या पडल्या. ते मागे उभे होते. संध्याकाळी ऑफिसात प्रॉव्हिडंट फंडाचे फॉर्म लावता लावता त्यांनी मान वर न करता मला एवढेच विचारले, “भाऊ, तो तुमचा प्राणी पोहत होता, तेव्हा त्याचं पोट कोण भरत होतं?”

मला उत्तर येईना. मी शिकलेला माणूस नाही, पण प्रश्न आला की तो अंगावर काट्यासारखा राहतो, ही माझी खोड आहे. मी शोधू लागलो. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशापासून सुरुवात केली, मग प्राणिशास्त्राची कॉलेजची पुस्तके, मग शब्दकोश उशाशी घेऊन इंग्रजी. सांगलीतल्या एका प्राध्यापक मित्रांनी फार मदत केली. ही जी काचेची बरणी टेबलावर ठेवली आहे ती त्यांच्याकडूनच आणली आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

पहिली गोष्ट मला कळली ती विनोदाविषयीच. अमेरिकन तत्त्ववेत्ते डॅनियल डेनेट ह्यांच्या १९९१ सालच्या एका पुस्तकामुळे तो जगभर गेला. तेथे तो कामगारांवर नव्हे, तर नोकरी कायम झालेल्या प्राध्यापकांवर होता. आमच्यापर्यंत येईतो तो कंत्राटी हेल्परवर आला. पाण्यासारखे विनोदही उताराकडेच वाहतात.

दुसरी गोष्ट अशी, की ह्या गोळ्याने शास्त्रज्ञांनाही पुष्कळ काळ चकविले होते. ग्रीसच्या ॲरिस्टॉटलने तो पाहून लिहून ठेवला होता. तेव्हापासून दोन हजार वर्षे लोक त्याला कालवाशिंपल्यांचा भाऊबंद समजत. १८१६ साली फ्रान्सच्या लामार्कने त्याला निराळे घर दिले व ‘ट्युनिकेटा’ हे नाव ठेवले. ट्युनिक म्हणजे अंगरखा. आपला जुना शब्द घ्यावयाचा तर कंचुक. परंतु हा अंगरखेवाला मूळचा कोणत्या घराण्यातला, हे कळण्यास आणखी पन्नास वर्षे लागली. अलेक्झांडर कोवालेव्हस्की नावाच्या तरुण रशियन शास्त्रज्ञाने त्याची अंडी फुटताना पाहिली आणि १८६६ साली आपला शोध प्रसिद्ध केला. अंड्यातून गोळा बाहेर पडत नाही. बाहेर पडते बेडकाच्या पिल्लासारखे, शेपटीचे, अर्ध्या दाण्याहूनही बारीक पोर. आणि त्याच्या शेपटीत एक लवचीक दांडी असते.

ह्या दांडीत सगळे महत्त्व आहे. तिला पृष्ठरज्जू म्हणतात. मासा, बेडूक, साप, पाखरू, बैल आणि माणूस ह्या सर्वांच्या गर्भात पाठीचा कणा तयार होण्यापूर्वी हीच दांडी येते. आपण आईच्या पोटात असताना आपल्यालाही ती होती. शिंपल्यास ती नाही, गोगलगाईस नाही, झुरळास नाही. सिओना नावाच्या पिचकारीच्या पोरात ती मोजून चाळीस पेशींची असते, एका पुढे एक, नाणी रचावीत तशा. दांडीच्या वरून मज्जातंतूची नळी जाते, पुढच्या टोकास मेंदू, त्यात उजेड ओळखणारा एक डोळा आणि वर-खाली कळण्यासाठी एक बारीक कण. घशाला फटी. हा सगळा आराखडा आपला आहे. डार्विनने १८७१ च्या ग्रंथात ह्या शोधाची मोठ्या आनंदाने नोंद घेतली. पुढे पुष्कळ वर्षे असा समज होता की कणा असलेल्यांचा सर्वांत जवळचा नातेवाईक अँफिऑक्सस नावाचा माशासारखा जीव असावा. दिसतोही तो तसाच. परंतु २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासाने मान ह्या पिशवीला दिला. मी गोदीत ज्याला खरवडून टोपलीत टाकीत होतो तो बिनकण्याच्या सर्व जिवांत आपला सर्वांत जवळचा भाऊबंद होता. माशीपेक्षा जवळचा, मधमाशीपेक्षा जवळचा, ज्याच्या हुशारीचे आपण कौतुक करतो त्या आठ हातांच्या माकुळीच्या भावापेक्षाही जवळचा.

आता ऑफिसातल्या प्रश्नाचे उत्तर. पोहत असता त्याचे पोट कोण भरते? कोणीच नाही. ते पोर काही खातच नाही. त्याचे तोंड अद्याप कामाचे नसते, आतडे तयार नसते. अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर ते काही तास, फार तर दोन-चार दिवस पोहते. आधी उजेडाकडे वर जाते, मग अंधाराकडे खाली वळते, आणि शिदोरी संपण्याच्या आत त्याला जागा मिळालीच पाहिजे. जागा मिळाली तर कपाळावरच्या तीन चिकट उंचवट्यांनी ते डोके खाली करून चिकटते. न मिळाली तर मरते. म्हणजे विनोदात ज्याला स्वैर, बुद्धिमान तरुणपण म्हटले होते, ते खरे पाहता बिनपगारी उमेदवारीचे दिवस आहेत.

चिकटल्यावर शेपटी आत ओढली जाते. दांडी विरघळते. पोराचा मेंदूही मोडीत निघतो, हे खरे आहे. मी ते नाकारीत नाही. परंतु घर बांधताना आपण परांची सोडवितो आणि तिचे लाकूड पुन्हा कामास लावतो, त्याला कोणी घर खाल्ले असे म्हणत नाही. सगळे शरीर आतल्या आत फिरते, तळाशी गेलेले तोंड वळून वर येते, आणि जुन्या मज्जानळीच्याच काही पेशींपासून नवा मेंदू तयार होतो. तो साधा आहे, दोन नळ्यांच्या मध्ये बसलेला एक गंड. पण तो आहे, आणि जन्मभर काम करतो. एवढेच नव्हे. सिओनाचा हा गंड शास्त्रज्ञांनी कापून काढून पाहिला. काही आठवड्यांत प्राण्याने तो पुन्हा वाढविला. मित्रहो, मेंदू खाऊन टाकल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, तो काढून घेतलेला मेंदू पुन्हा उगविणाऱ्या फार थोड्या जिवांपैकी एक निघाला! मला किंवा त्या व्यवस्थापकांना हे साधणार नाही.

आणि बसल्यावर तो काय करतो? येथे बसलेल्यांपैकी अर्ध्यांनी पंप उघडलेला असेल, तेव्हा तुम्हाला हे चटकन कळेल. पिशवीला दोन नळ्या असतात. एक आत घेण्याची, एक बाहेर सोडण्याची. आतल्या बाजूस मोठी जाळीदार टोपली, म्हणजे घशाच्या त्याच फटी, आता शेकडोंनी वाढलेल्या. प्रत्येक फटीच्या कडेला केसांहून बारीक रोम, आणि ते एका दिशेने सारखे हलत असतात. त्यामुळे पाणी एका नळीने येते, टोपलीतून गाळून दुसऱ्या नळीने जाते. दट्ट्या नाही, पट्टा नाही, मोटर नाही. टोपलीच्या तळाच्या एका पन्हळीतून चिकट द्रावाचा पडदा सतत विणला जात असतो. पाण्यातले सूक्ष्म अन्न त्याला चिकटते, आणि पडद्याची वात वळून ती पोटात जाते. गाळणी चोंदण्याचा प्रश्नच नाही, कारण गाळणी रोज नवी आणि जुनी तीच खावयाची! आमच्या मेंटेनन्स खात्याने ह्यावर विचार करावा.

ही पन्हळ समुद्रातले आयोडीनही धरून ठेवते. आपल्या गळ्यात थायरॉइड ग्रंथी आहे, जिच्यासाठी आपण आयोडीनचे मीठ खातो, ती ह्याच पन्हळीच्या घराण्यातली आहे. फॅलुसिया नावाचा काळा, वीतभरही नसलेला प्राणी दिवसाला दीडशे लिटरांहून अधिक पाणी गाळतो असे मोजलेले आहे. आपल्याकडे नळाला पाणी येण्याची जी स्थिती असते ती पाहता हा आकडा मी दोनदा तपासला.

त्याचे हृदय तर विचित्रच. ते काही वेळ एका दिशेने रक्त ढकलते, मग थांबते, आणि पुन्हा सुरू होते ते उलट्या दिशेने. जन्मभर असेच चालते. नर-मादी दोन्ही एकाच अंगात. आणि अंगरखा? तो सेल्युलोजचा आहे. म्हणजे कापूस, लाकूड, कागद ज्याचा बनतो त्याच पदार्थाचा. १८४५ साली हे प्रथम कळले. माधवनगरच्या कापडगिरणीत ज्यांचे हात कापसात गेले त्यांनी हे ऐकावे: सगळ्या प्राणिसृष्टीत सेल्युलोज स्वतः करणारे हे एवढेच. ती कृती ह्यांच्या पूर्वजांनी फार प्राचीन काळी कोण्या जिवाणूपासून जनुकासकट उचलली, असे आता जनुकांवरून दिसून आले आहे.

ह्यांच्यापैकी काहींच्या रक्तात व्हॅनेडियम धातू सापडतो. १९११ साली हेन्झे नावाच्या जर्मन रसायनज्ञाने नेपल्स येथे तो शोधला. तुमच्या पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असे कोरलेले असते ना, तोच. समुद्राच्या पाण्यात तो नाममात्र असतो. काही जाती तो एक कोटी पटींपर्यंत साठवितात.

आतापर्यंत मी सगळी हकिकत एका पिचकारीची सांगितली, परंतु ह्या घराण्यात तीन हजारांच्या आसपास जाती आहेत, आणि सगळ्याच बसलेल्या नाहीत. काही जन्मभर पोहतात. त्यांत साल्प हा पिंपाच्या आकाराचा, काचेसारखा पारदर्शक जीव आहे. अंगाभोवती स्नायूंचे पट्टे. ते आवळले की पाणी मागून सुटते आणि तो पुढे सरकतो. त्याच पाण्यातून अन्न गाळतो. म्हणजे चालणे आणि जेवणे हे एकच काम. ह्याचे एक कोडे होते. काही साल्प एकटे सापडत आणि काही लांब साखळीत जोडलेले, व दोन्ही इतके वेगळे दिसत की लोक त्यांना निरनिराळ्या जाती समजत. कोडे सोडविले ॲडेलबर्ट फॉन कामिसो ह्याने, १८१९ साली. हा जर्मन भाषेतला नामांकित कवी! रशियन जहाजावरून जगाची फेरी करताना त्याच्या ध्यानात आले की एकटा साल्प साखळीला जन्म देतो आणि साखळीतले साल्प एकट्याला. मुलगा बापासारखा नाही, आजोबासारखा. कवीने प्राणिशास्त्र करावे आणि कामगाराने त्यावर बोलावे, ह्यात मला तरी गैर काही दिसत नाही.

साल्प अनुकूल दिवसांत अफाट वाढतात. त्यांची विष्ठा जड असते. ती दिवसाला हजार मीटरपर्यंत वेगाने तळाकडे जाते आणि वरच्या पाण्यातला कार्बन आपल्याबरोबर खाली नेते. २०१२ साली कॅलिफोर्नियातील डायब्लो कॅन्यन अणुवीजकेंद्रात थंड पाणी घेण्याच्या जाळ्यांत ह्यांच्या झुंडी अडकल्या आणि एक अणुभट्टी बंद ठेवावी लागली. हाडे नाहीत, दात नाहीत, आणि अणुभट्टी बंद! मी हे वाचले तेव्हा, खरे सांगतो, युनियनचा माणूस म्हणून मला थोडे बरे वाटले.

पायरोसोमा म्हणून दुसरा एक आहे. शेकडो-हजारो लहान जीव मिळून एक पोकळ नळी होते, एका टोकाने बंद, आणि ती अंधारात उजळते. काही जातींच्या नळ्या दहा मीटरांहूनही लांब सापडतात. डार्विनचा कैवारी म्हणून जो पुढे प्रसिद्ध झाला त्या टॉमस हक्स्लीने तरुणपणी जहाजावर सहायक शल्यवैद्य असताना साल्प आणि पायरोसोमा ह्यांवर १८५१ साली निबंध लिहिले. ऑइकोप्ल्यूरा नावाचा चिमुकला तर शेपटी कधी टाकतच नाही. तो द्रावाचे एक घर बांधतो, त्याच्या जाळीतून अन्न गाळतो, आणि घर चोंदले की ते टाकून दुसरे बांधतो, दिवसातून कित्येक वेळा.

बसलेल्यांतही एकटे राहणारे आणि वस्ती करून राहणारे असे दोन प्रकार आहेत. बॉट्रिलस ही वस्ती पाहण्यासारखी असते. खडकावर रंगीत फुले काढावीत तशी दिसते. फुलाची प्रत्येक पाकळी हा एक स्वतंत्र जीव. आत घेण्याचे तोंड प्रत्येकाचे वेगळे, बाहेर सोडण्याचे सर्वांचे एक, आणि रक्त सगळ्या वस्तीत मिळून फिरते. साधारण आठवड्याने सगळ्या जुन्या पाकळ्या एकदम गळून जातात व त्यांच्या बगलेत वाढलेले नवे कोंब कामावर येतात. पाळी बदलल्यासारखे. दोन वस्त्या वाढत वाढत एकमेकींस भिडल्या म्हणजे काय होते? जनुकांची खूण पटली तर रक्तवाहिन्या जोडल्या जातात व दोन्हींची एक वस्ती होते. न पटली तर सीमेवर काळे डाग पडतात आणि दोघी अलग राहतात. एका कारखान्यात दोन युनियन असल्या म्हणजे काय होते हे मला ठाऊक आहे. तेथे काळे डाग बहुधा आधी पडतात.

उपयोग काय, असे कोणीतरी विचारणारच. कोरियात ह्यांची शेती करून ते खातात, चिलीतही खातात. कॅरिबियन समुद्रातल्या एका जातीत कर्करोगावरचे औषध सापडले, ट्रॅबेक्टेडिन. टनभर प्राण्यांतून ग्रॅमभर औषध निघे, त्यामुळे ते रसायनशाळेत करण्याची रीत शोधावी लागली. २००७ साली युरोपात त्यास परवानगी मिळाली. उपद्रवही आहे. जहाजांच्या बुडाला चिकटून ह्या जाती ह्या बंदरातून त्या बंदरात जातात. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर १९९८ च्या सुमारास आशियातली एक पिचकारी अशीच येऊन पोहोचली, आणि तेथल्या शिणाण्यांच्या शेतीचे दोर तिच्या भाराने वाकू लागले. आम्ही गोदीत जे खरवडीत होतो त्यात परदेशचे पाहुणे किती असतील ते असोत.

आता त्या अठ्ठावीस नावांचे काय झाले ते सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्ही बाहेर गाठून विचाराल. पुढच्या बैठकीत मी व्यवस्थापकांना म्हणालो, “साहेब, तुमच्या प्राण्याची चौकशी केली. तो कायम होण्याच्या आधी उपाशी असतो. खायला आणि कामाला लागतो तो कायम झाल्यावरच.” ते खळखळून हसले. माणूस दिलदार, त्यांनी फॅलुसियाचा आकडा वहीत लिहून घेतला. आणि मग म्हणाले, “आता यादीवर बोलू.” त्या वर्षी अठ्ठावीसपैकी एकोणीस जण कायम झाले. त्यात पिचकारीचा वाटा शून्य, हे मी स्पष्ट करतो. ते काम हजेरीपत्रके, अर्ज आणि आठ महिन्यांच्या खेपा ह्यांनी झाले. समुद्रातल्या प्राण्यावरून कोणाची नोकरी ठरू नये, ना त्यांच्या बाजूने ना आमच्या. नऊ जण राहिले. त्यांतले दोघे आज समोर बसले आहेत, म्हणून आकडा चुकवून सांगण्याची सोय नाही.

ऑफिसातल्या सहकाऱ्यांकडे मी गेलो, ते एका संध्याकाळी. त्या हजेरीपत्रकांतली बहुतेक त्यांनीच जुळविली होती. गेटवर जे बोललो ते चुकीचे होते, असे मी म्हणालो, आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर सांगितले: पोट कोणी भरत नाही, शिदोरीवर असतो. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाले, “मग शिदोरी संपायच्या आत जागा मिळाली पाहिजे.” आणि माझ्यापुढे सह्यांसाठी चार फॉर्म सरकविले. पुढच्या गेट मीटिंगमध्ये मी ही दुरुस्ती सर्वांसमोर केली. त्या दिवशी टाळ्या पडल्या नाहीत.

ही बरणी. हिच्यातल्या प्राण्याचे नाव हर्डमानिया. विल्यम हर्डमन नावाचे एक स्कॉटिश शास्त्रज्ञ ह्या घराण्याचे मोठे जाणकार होते, त्यांच्यावरून पडलेले. लखनौच्या एस. एम. दास ह्यांनी १९३६ साली ह्या एका प्राण्यावर आख्खा प्रबंध लिहिला, आणि पुढे कॉलेजातल्या मुलांच्या पिढ्यान्पिढ्या त्याच्यावरून शिकल्या. तो पुष्कळदा शंखाच्या पाठीवर बसलेला सापडतो. आपण देवघरात ठेवतो त्याच शंखाच्या. औषधात राहून ह्याचा रंग गेला आहे, जिवंतपणी तो गुलाबी असतो. वर दोन टोके दिसतात त्या दोन नळ्या. आंबा घाट उतरून रत्नागिरीस गेलात तर अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीस खडकांच्या सावलीच्या बाजूला ह्याचे भाऊबंद शोधा. धोंडा उलटलात तर जसा होता तसा परत ठेवा, आणि तोंड जरा लांब धरा.

व्याख्यान संपल्यावर बरणी पाहण्यास लहान मुलांनी आधी यावे. झाकण मात्र कोणी उघडू नये, आत फॉर्मॅलिन आहे.